सामुराईचा रोनिन नेमका कसा व्हायचा? एकांकिकेसाठी नेमकी माहिती हवी

घोडबंदरवाला

ठाण्यातल्या आमच्या हौशी गटाची ४५ मिनिटांची एकांकिका बसते आहे. तालमी कोपरीला सुरू आहेत. विषय जपानमधला, धनी गमावलेल्या सामुराईचा, म्हणजे रोनिनचा. सध्याच्या संहितेत कथानक असं आहे: १५७५ साली एका सरदाराचा लढाईत पराभव होतो आणि तो मारला जातो. त्याच्या पदरचा पस्तिशीचा योद्धा सेप्पुकु (पोट फाडून घेऊन आत्महत्या) करायचं टाळतो, शरमेने पळून जातो आणि पुढे गावोगाव भटकतो. त्याचा हुद्दा आम्ही "१०० कोकूचा" (कोकू हे तांदळाचं माप) असा लिहिला आहे.

अडचणी अशा. पहिली, "क्लॅन" या शब्दाला संवादात काय म्हणायचं? कूळ, घराणं की टोळी? दुसरी, १०० कोकू म्हणजे माणूस श्रीमंत की गरीब? तिसरी, धनी मेला की रोनिन झाला, एवढं सरळ होतं का? चौथी, कपडे, तलवारी आणि खोली कशी दाखवायची? प्रेक्षक मराठ्यांचा इतिहास वाचणारे आहेत, चूक लगेच पकडतील. म्हणून ढोबळ नको, आकड्यांसकट सांगा.

जुनी_पानं

आधी साल बदला. १५७५ आणि तुमचा रोनिन एकमेकांशी जुळत नाहीत.

१४६७ ला ओनिनचं युद्ध सुरू झालं. तिथपासून १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईपर्यंतचा काळ म्हणजे सेन्गोकु, सतत लढायांचा. या काळात धनी मेला तर लढवय्या दुसरा धनी गाठायचा आणि त्यात कोणाला वावगं वाटत नसे. प्रत्येक सरदाराला अनुभवी माणूस हवाच होता. आपल्याकडचा शिलेदार डोळ्यांपुढे आणा. घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं, जिथे कदर होईल तिथे चाकरी. तोदो ताकातोराचं उदाहरण घ्या. त्याने आझाई घराण्यापासून सुरुवात केली, एकामागून एक धनी बदलले, शेवटी पुढे शोगुन झालेल्या तोकुगावा इएयासुकडे गेला आणि त्सु इथला सुमारे ३ लाख २० हजार कोकूंचा दाइम्यो (संस्थानिक सरदार) झाला. त्याला कोणी रोनिन म्हणून हिणवलं नाही.

सेप्पुकु "टाळलं" हेही खटकतं. धन्यामागे मरण्याला जुन्शी म्हणतात. ती सगळ्यांवर सक्ती नव्हती, अगदी जवळची मोजकी माणसं करायची. उलट हे प्रकार शांततेच्या काळात वाढले. १६३६ साली दाते मासामुने आजारपणात वारला तेव्हा १५ जणांनी जुन्शी केली. १६४१ साली कुमामोतोच्या होसोकावा तादातोशीमागे १९ जण गेले. हे इतकं वाढलं की १६६३ मध्ये शोगुनच्या (देशाच्या लष्करी सत्ताधीशाच्या) सरकारला जुन्शीवर बंदी घालावी लागली.

आता क्लॅन. या एका शब्दात जपानीतल्या तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, आणि मराठीत आपल्याकडे तिन्हींसाठी शब्द तयार आहेत.

उजी म्हणजे कूळ. मिनामोतो आणि ताइरा ही कुळं. ११८५ साली दान-नो-उराच्या समुद्री लढाईत मिनामोतोंनी ताइरांचा निकाल लावला आणि ११९२ मध्ये मिनामोतो योरितोमो शोगुन झाला. पण कुळातले लोक पुढे जिथे वसले त्या गावाचं नाव लावू लागले. आशिकागा आणि नित्ता हे दोघेही मिनामोतो कुळातले, पण आशिकागा आणि नित्ता ही मुळात गावांची नावं. आपल्या "-कर" आडनावांची जी पद्धत, तीच. आणि मोठं होताना जुन्या कुळाशी नातं सांगायची रीतही होती. इएयासु मूळचा मात्सुदाइरा. त्याने १५६६ साली तोकुगावा नाव घेतलं आणि नित्ता शाखेतून मिनामोतो कुळाशी संबंध सांगितला.

इए म्हणजे घराणं. हा शब्द तुमच्या नाटकाचा कणा आहे. इए म्हणजे नाव, मानचिन्ह, हुद्दा, पगार आणि पूर्वजांची पूजा यांचं एकत्र गाठोडं. रक्ताचा वारस नसेल तर दत्तक चालतो, पण गाठोडं कोणाच्या तरी हातात जायलाच हवं.

हान म्हणजे संस्थान. हा शब्द संवादात टाळा, कारण त्याचा सरकारी वापर मेइजी काळातला, म्हणजे १८६८ नंतरचा. त्या वेळी सामुराई स्वतःची ओळख "अमुक घराण्याच्या काचूमधला" अशी द्यायचा. काचू म्हणजे घरातली माणसं, धन्याच्या पदरची सगळी मंडळी. मराठीत "अमक्यांच्या पदरी आहे" म्हणा. अर्थ तोच, आणि ऐकायला कृत्रिम वाटत नाही.

"टोळी" मात्र कुठेच नको.

खाडीपल्याड

तांदळाचा हिशोब मी मांडतो. रोनिन समजून घ्यायचा तर तलवारीआधी तांदूळ बघावा लागतो.

१ कोकू म्हणजे १० तो, १०० शो, १००० गो. १ गो सुमारे १८० मिलिलिटर, म्हणून १ कोकू साधारण १८० लिटर, वजनात १५० किलोच्या आसपास. एका माणसाला वर्षभर लागणारा तांदूळ, अशी ढोबळ कल्पना.

"१०० कोकूचा सामुराई" म्हणजे त्याच्या हातात १०० कोकू पडतात, असा बहुतेकांचा समज असतो. तो चूक आहे. कोकू हा जमिनीच्या अंदाजी उत्पन्नाचा आकडा. त्यातला सामुराईचा वाटा साधारण ४० टक्के आणि शेतकऱ्यांचा ६० टक्के, असा प्रचलित दर धरतात. म्हणजे १०० कोकूंच्या नेमणुकीवर हातात ४० कोकू. जहागिरीचा कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष वसूल यांत जो फरक असतो, तोच हा.

आता घर चालवू. नवरा, बायको, आई, दोन मुलं आणि हुद्द्यामुळे ठेवावेच लागणारे दोन नोकर, अशी ७ माणसं. एका माणसाचा शिधा दिवसाला ५ गो, वर्षाला १.८ कोकू. ७ माणसांचे १२.६ कोकू झाले. उरले २७ च्या आसपास. ते विकून नाणं करायचं. हिशोबाला १ कोकू म्हणजे १ र्‍यो सोनं धरतात. म्हणजे मीठ, तेल, कपडे, औषध, हत्यारांची देखभाल, लग्नकार्य आणि नोकरांचा पगार हे सगळं वर्षाला २७ र्‍योत. श्रीमंत नाही, खाऊनपिऊन सुखी, पण एक मोठा खर्च आला की कर्ज.

तुलनेला मियामोतो मुसाशी घ्या. १६४० साली कुमामोतोच्या होसोकावांनी त्याला पाहुणा म्हणून ठेवलं तेव्हा सुरुवातीला ७ माणसांचा शिधा आणि वर १८ कोकू तांदूळ ठरला. बेरीज करा: १२.६ अधिक १८, म्हणजे सुमारे ३०.६ कोकू हातात. एवढं नाव झालेला तलवारबाज, आणि उत्पन्न तुमच्या १०० कोकूवाल्यापेक्षा कमी. पुढे त्याला ३०० कोकूंचा मान मिळाला.

धनी गेला की हे २७ र्‍यो जातात, तो १२.६ कोकू शिधाही जातो आणि घरही जातं. किल्ल्याखालच्या वस्तीतला सामुराईचा वाडा त्याच्या मालकीचा नसून धन्याने राहायला दिलेला असायचा. ठरलेल्या दिवशी तो झाडूनपुसून सोडायचा. ही गोष्ट रंगमंचावर नक्की दिसायला हवी. आपल्या बांधकाम साइटवर काम थांबतं आणि त्याच दिवशी कामगाराची पत्र्याची खोलीही जाते, त्या प्रकारचा हा धक्का आहे.

परत शेतीकडे का वळत नाही, हा प्रश्न प्रेक्षक विचारतीलच. तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडची हत्यारं काढून घेतली आणि १५९१ मध्ये लढवय्यांनी गावकरी किंवा व्यापारी व्हायला मनाई केली. जमिनीची मोजणी झाली, प्रत्येक शेत कोणाच्या तरी नावावर चढलं. सामुराई गावातून उठून किल्ल्याखाली पगारावर राहायला आला. त्याच्या आज्याला नांगर येत होता, त्याला येत नाही, आणि आला तरी हाताशी जमीन नाही.

जुनी_पानं

वरच्या हिशोबाला जोडून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. १६०० नंतर रोनिन तयार झाले ते मुख्यतः सरकारी हुकमाने. त्या हुकमाला काइएकी म्हणतात, म्हणजे घराणंच बरखास्त करणं. कारणं साधारण तीन.

पराभूत बाजूला लढलात. सेकिगाहारानंतर ऐंशीहून अधिक घराणी अशी बुडाली. मोरी आणि उएसुगी वाचले, पण छाटले गेले. उएसुगींचे १२ लाखांचे ३ लाख कोकू झाले. त्यांनी माणसं मात्र जवळजवळ सगळी ठेवली, त्यामुळे रोनिन कमी झाले आणि अख्खं संस्थान पिढ्यानपिढ्या अर्धपोटी राहिलं.

नियम मोडलात. हिरोशिमाच्या फुकुशिमा मासानोरीने पुराने पडझड झालेला किल्ला परवानगीआधी दुरुस्त केला. १६१९ मध्ये त्याचे सुमारे ५ लाख कोकू गेले.

आणि वारस नाही. हे कारण तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगाचं. दाइम्यो मरणपंथाला लागल्यावर घाईने दत्तक घेतला तर सरकार तो मानत नसे. दत्तक आधीच कळवून मंजूर करून घ्यावा लागे. तरुण दाइम्यो आपल्याला मूल होईल म्हणून थांबायचे आणि तापाने अचानक जायचे. कोबायाकावा हिदेआकी १६०२ साली विशीतच वारला, वारस नव्हता, ओकायामाची दौलत संपली. लढाई नाही, गुन्हा नाही, एका माणसाचा ताप, आणि हजारो घरांची चूल विझली.

याचे परिणाम सरकारनेही भोगले. १६१४-१५ मध्ये हिदेयोशीचा मुलगा तोयोतोमी हिदेयोरीने ओसाकाच्या किल्ल्यात माणसं गोळा केली तेव्हा सुमारे १ लाख जमा झाले, त्यांत रोनिनांचा मोठा भरणा होता. १६३७-३८ च्या शिमाबाराच्या उठावात बुडालेल्या कोनिशी घराण्याचे आणि दुसरीकडे हलवलेल्या आरिमा घराण्याचे जुने लोक होते. १६५१ मध्ये युई शोसेत्सुने एदोत (आजच्या टोकियोत) रोनिनांचा कट केला. तो फुटला, पण त्याच वर्षाच्या अखेरीस नियम सैल झाला. १७ ते ५० वयातल्या दाइम्योला मरणशय्येवर दत्तक घ्यायला मुभा मिळाली.

म्हणून माझं ठाम मत: काळ १६४० च्या आसपासचा घ्या, संस्थान काल्पनिक ठेवा, धनी २४ वर्षांचा, आजारी, निपुत्रिक. दत्तकाचा अर्ज एदोला निघाला आहे आणि उत्तर यायच्या आत तो जातो. तुमचा नायक पळत नाही. त्याला घालवलं जातं, आणि तेही रीतसर कागदावर.

घोडबंदरवाला

हे फार मोलाचं आहे. संहिता याच दिशेने बदलतो. लेखकाला किल्ला रिकामा करण्याचा प्रसंग मध्यावर हवा आहे. प्रत्यक्षात काय काय व्हायचं? आणि नायकाला दुसरीकडे नोकरी का मिळत नाही, यासाठी आणखी ठोस काही आहे का?

जुनी_पानं

किल्ला सोपवण्याचा नमुना म्हणून आको संस्थान बघा. १७०१ सालचं आहे, पण कामाची पद्धत कळते. ५० हजार कोकूंचं संस्थान, पदरी ३०० च्या आसपास सामुराई. धनी आसानो नागानोरीने एदोच्या किल्ल्यात किरा योशिनाकावर वार केला आणि त्याच दिवशी त्याला सेप्पुकु करावं लागलं. दोन माणसं वेगवान पालखीतून निघाली. एदो ते आको १५५ री, म्हणजे ६०० किलोमीटरहून जास्त, एरवी पंधरवड्याहून अधिक दिवसांचा प्रवास. तो त्यांनी साडेचार दिवसांत केला. आतडी हिसडू नयेत म्हणून पोटाला सुती पट्टा घट्ट आवळायचा आणि पालखीच्या छताला टांगलेली दोरी दोन्ही हातांनी धरून बसायचं. पोहोचल्यावर माणसाला धड बोलता येत नसे. तुमचा निरोप्या असाच आत आणा, घोड्याच्या टापा नकोत.

पुढचे काही आठवडे कारकुनीचे. कारभारी ओइशी कुरानोसुकेने केलेली कामं: दारूगोळा आणि हत्यारांच्या याद्या, नकाशे आणि करवसुलीच्या वह्या एकत्र करणं, खोल्या साफ करणं, संस्थानाच्या कागदी नोटा दर्शनी किमतीच्या ६० टक्क्यांनी परत घेणं, आणि उरलेला पैसा वाटणं. वाटपावरून वाद झाला. एक मत होतं, ज्याचा पगार मोठा त्याला मोठा वाटा. ओइशीने लहान पगारवाल्यांकडे झुकतं माप ठेवलं. तुमच्या प्रसंगाला लागणारं भांडण इथे तयार मिळतं. शेवटी सरकारचे अधिकारी येतात, शेजारच्या संस्थानाची फौज दाराशी उभी राहते (आकोला तात्सुनोचे वाकिसाका आणि आशिमोरीचे किनोशिता आले होते) आणि याद्या वाचून ताबा दिला जातो.

१६४० दाखवणार असाल तर कागदी नोटा काढून टाका. संस्थानाच्या अशा नोटांचं पहिलं प्रसिद्ध उदाहरण फुकुइचं, १६६१ चं. त्याऐवजी कोठारातला तांदूळ मापून वाटताना दाखवा. मापाचा चौकोनी लाकडी डबा आणि वर फिरवायची दांडी, एवढ्यावर प्रसंग उभा राहतो.

नोकरीबद्दल. पहिलं कारण साधं आहे, शांतता झाल्यावर कोणाला जास्तीची माणसं नको होती. दुसरं, होको-कामाए. जुना धनी नाराज असेल तर इतर दाइम्योंना "याला ठेवू नका" असं कळवायचा. गोतो माताबेइ हा कुरोदांकडचा नामांकित योद्धा. कुरोदा नागामासाशी बिनसलं म्हणून तो बाहेर पडला आणि नागामासाने ही बंदी लावली. इकेदांनी त्याला आश्रय दिला होता, पण पुढे तिथेही टिकता आलं नाही. शेवटी तो ओसाकाच्या किल्ल्यात गेला आणि १६१५ च्या दोम्योजीच्या लढाईत पडला. मात्र ही बंदी धनी जिवंत असतानाची. तुमच्या नायकाचा धनी मेला आहे, त्यामुळे ती त्याला लावू नका. दुसऱ्या पात्राला द्या.

कापडपेटी

वेशभूषा आणि खोली. तालमीत ज्या चुका हमखास होतात, त्या आधी.

किमोनोची डावी बाजू उजवीच्या वर. उलट नेसवलात तर ते प्रेत झालं, कारण उजवी वर फक्त मृताला नेसवतात. कलाकार आरशात बघून नेसतात आणि गोंधळ होतो, म्हणून एकाने समोर उभं राहून तपासावं. पुरुषाचा कमरपट्टा कमरेच्या हाडांवर खाली बसतो, पोटावर वर नाही. हाकामाला (किमोनोवरच्या सैल विजारीला) पुढे ५ चुण्या. ४४ इंची पन्ह्याचं जाड सुती कापड असेल तर एकाला साधारण ४ मीटर लागतं. पातळ कापडाच्या चुण्या दिव्याखाली दिसत नाहीत. रोनिनचा हाकामा त्याच कापडाचा करा, पण गुडघ्याशी आणि खालच्या काठाला घासून विरवा. फाटकी ठिगळं लावू नका. तो इभ्रत जपणारा माणूस आहे.

केस. सामुराई डोक्याचा पुढचा भाग तासतो. नोकरी गेल्यावर तो भाग वाढू देतात. बोटभर खुंट वाढलेला टोप घातला की एक शब्द न बोलता प्रेक्षकाला परिस्थिती कळते. हॅट म्हणून गवताची विणलेली साधी आमिगासा. पूर्ण चेहरा झाकणारी बादलीसारखी टोपली कोमुसो भिक्षूंची, तिच्यासोबत हातात शाकुहाची बासरी हवी, ५४.५ सेंटिमीटरची.

तलवारी दोन, दोन्ही डाव्या बाजूला, धार वर. धार खाली ठेवून लटकवली तर ती जुन्या काळची ताची होते. लांब कतानाचं पातं ७० सेंटिमीटरच्या आसपास, मूठ २५. लहान वाकिझाशीचं पातं ३० ते ६० मध्ये. रोनिनलाही दोन्ही बाळगता यायच्या. कोणाच्या घरी जाताना लांब तलवार कमरेतून काढून उजव्या हातात घ्यायची आणि बसल्यावर उजव्या बाजूला ठेवायची. उजव्या हाताने उपसायची वस्तू उजवीकडेच ठेवली की ती पटकन उपसता येत नाही, म्हणजे मनात दगा नाही. भांडणाच्या प्रसंगात तीच तलवार डावीकडे ठेवली की धमकी दिल्यासारखं होतं. दिग्दर्शकाने हे जरूर वापरावं. एदोच्या किल्ल्यात तर लांब तलवार आत नेताच येत नसे. आसानोने किरावर केलेला वारही लहान पात्याचाच होता.

पातं बांबूचं करा. जपानी रंगभूमीवरही बांबूचंच असतं, त्याला ताकेमित्सु म्हणतात. पेर वगळून सरळ तुकडा घ्या, पूर्ण वाळवा, मगच चंदेरी वर्ख लावा. ओलसर बांबू महिन्यात वाकतो आणि म्यानात अडकतो. ताकेमित्सु हा शब्द तुमच्या नायकासाठीही आहे. कंगाल सामुराई पातं गहाण टाकून म्यानात बांबू घालून हिंडायचे, म्हणजे बाहेरून दोन तलवारी शाबूत.

खोली. एदोच्या मागच्या गल्लीतल्या नागायाची (लांबलचक चाळीची) नेहमीची खोली ९ शाकू बाय २ केन, म्हणजे २.७ बाय ३.६ मीटर, आपल्या भाषेत ९ बाय १२ फूट. दाराशी मातीची जमीन, तिथेच चूल आणि पाण्याचा हंडा, आत उंचावर बसायची जागा. विहीर आणि संडास सामाईक, भिंती पातळ. चाळीत वाढलेल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. जमिनीवर टेप लावून ९ बाय १२ आखा आणि पूर्ण तालीम त्याच्या आतच करा. पात्याचा वेढा भिंतीला लागतो हे कलाकाराला पहिल्या दिवशी कळलं पाहिजे. छत्र्या चिकटवणारा रोनिन नेहमी दाखवतात, पण तो धंदा पुढच्या काळात वाढला. १६४० साठी मुलांना अक्षरं शिकवणं किंवा गवती वहाणा वळणं जास्त शोभेल.

घोडबंदरवाला

टेपची गोष्ट उद्याच करतो. शेवटचा प्रश्न: "रोनिन" शब्द नायकाने स्वतःसाठी वापरावा का, आणि त्याचा अर्थ संवादात कसा आणावा?

जुनी_पानं

शब्द जुना आहे. "रो" म्हणजे लाट, "निन" म्हणजे माणूस. फार पूर्वी नोंदवलेली जमीन सोडून पळालेल्या शेतकऱ्यांसाठी तो वापरत. तुमच्या काळात तोच उच्चार पण वेगळ्या चित्रलिपीत लिहायचे, जिथे "रो" म्हणजे कोंडवाडा किंवा हलाखी. त्यामुळे १६४० च्या पात्राच्या तोंडी "लाटेवरचा माणूस" हे काव्य घालू नका. स्वतःबद्दल बोलताना त्याला जुन्या घराण्याचं नाव घेऊ द्या: "पूर्वी अमक्यांच्या पदरी होतो." "रोनिन" हा शब्द घरमालकाच्या, दुकानदाराच्या किंवा नाक्यावरच्या पहारेकऱ्याच्या तोंडी ठेवा.

आजच्या जपानमध्ये प्रवेशपरीक्षा हुकल्याने वर्षभर परत अभ्यास करणाऱ्या मुलाला रोनिन म्हणतात. हे पत्रकात एका ओळीत छापा, नाटकात नको.

खाडीपल्याड

हिशोबाची वही रंगमंचावर ठेवाच. आकोच्या ओइशीकडे किल्ला सोडल्यावर सुमारे ६९० र्‍यो होते आणि त्यातला खर्च त्याने लिहून ठेवला: देवळातले विधी, क्योतो-एदो प्रवास, भाडं, हलाखीतल्या साथीदारांचं पोट. शेवटी काही र्‍यो कमी पडले, ते त्याने स्वतः घातले आणि किरावरच्या हल्ल्याआधी वही धन्याच्या विधवेकडे पोहोचती केली. तुमच्या नायकाची वही छोटी असेल. पहिल्या पानावर २७ र्‍यो लिहा, आणि प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला बायकोने उरलेला आकडा मोठ्याने वाचावा.